बांधावरची वाट

खारेपाटात रस्ते नव्हते तेव्हा बांध हाच रस्ता. शहापूर-धेरंडकडच्या बांधावरून आजही चालावं. एका हाताला खाडी नि तिवरं, दुसऱ्या हाताला भातशेती. अलिबागला येणारे पाहुणे ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जातात, इकडं मात्र क्वचितच कुणी वळतं.

हा बांध चिखलाचा. उधाणात खांड पडली की खारं पाणी आत शिरतं, मग काही वर्षं जमीन धड पिकत नाही. म्हणून अख्खा गाव घमेली-फावडी घेऊन धावायचा. या सामाईक कामाला आमच्याकडं जोळ म्हणत. आणि गंमत बघा, बांध राखायचा कुळानं, राबायचं कुळानं, धान्य मात्र खोताच्या कणगीत!

एकजुटीची ती सवयच १९३३ साली कामी आली, असं मला वाटतं. नारायण नागू पाटलांच्या मागं चरी आणि आसपासच्या गावांनी खोतांची जमीन कसायचं सोडलं. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं! भात पिकवणाऱ्यांच्याच घरात भात नाही. आजी सांगायची, "मोळ्या इकल्या, पन नांगर नाय धरला." १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ ला संप मिटला, त्याच वर्षी कूळ कायदा आला. पुढं जमिनी कुळांच्या नावावर झाल्या.

आता खांड पडली की लोक सरकारी कचेरीत अर्ज देतात. धेरंडच्या पुढं अशीच एक जुनी खांड आहे. वाट तिथं तुटते. पलीकडच्या शेतात तिवरं कमरेपर्यंत वाढलीत.