खडकाचा रोध आणि पंपाची शक्ती : गिरड परिसराच्या संदर्भात विद्युत् मापनाचा इतिहास

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे विदर्भात सर्वपरिचित आहे. टेकडीवर सापडणाऱ्या गोल खड्यांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. फिरत्या व्यापाऱ्यांनी संताची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. जायफळासारखे दिसणारे हे खडे म्हणजे तोच माल होय. भूविज्ञानानुसार हे खडे झिओलाइट गटातील खनिजांचे आहेत. लाव्हा थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि कालांतराने त्या खनिजांनी भरून गेल्या. अशा खडकात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत व झिजलेल्या मुरमात. म्हणूनच एका शेतात विहिरीला भरपूर पाणी आणि बांधापलीकडच्या शेतात खडक कोरडा, असे येथे सहज घडते.

व्होल्ट व अँपिअर या दोन नोंदींवरून रोध आणि शक्ती या दोन राशी काढता येतात. बेसाल्टी प्रदेशात पहिल्या राशीने पाणी शोधले गेले, दुसरीने ते उपसले गेले. मात्र पहिलीचे मापन जितके काटेकोर झाले, तितकीच दुसरीच्या मापनाची उपेक्षा झाली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रोधाचे मापन :

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी 1827 मध्ये दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध प्रसिद्ध केला. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. हा नियम तारेपुरता न ठेवता जमिनीला लावण्याचे प्रयोग फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जर यांनी 1912 मध्ये सुरू केले, तर अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी 1915 मध्ये चार सळयांची पद्धत मांडली. एका रेषेत समान अंतरावर चार सळया रोवायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजायचा. समजा अंतर 10 मीटर, प्रवाह 100 मिलिअँपिअर व दाब 80 मिलिव्होल्ट आहे. रोध 0.8 ओहम आला. त्यास अंतराने व 2π ने गुणिले असता रोधकता सुमारे 50 ओहम-मीटर मिळते. सळयांतील अंतर वाढवीत नेले की अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टचा आहे. 1972 च्या दुष्काळाच्या काळात स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने या पद्धतीचा गावोगावी उपयोग केला. अखंड काळ्या पाषाणाची रोधकता बहुधा शंभराच्या पुढे जाते, पाणी धरलेल्या झिजलेल्या खडकाची बरीच कमी असते. तथापि काळी चिकणमातीही रोध कमीच दाखविते. त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबून विंधन विहीर घेणाऱ्याची फसगत होऊ शकते. शेजारच्या विहिरींचे थर पाहूनच आकड्याचा अर्थ लावावा लागतो. नारळ किंवा फांदी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला गावकऱ्यांनी एकदम रजा दिली नाही, यामागे श्रद्धेइतकेच हेही कारण असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शक्तीचे मापन :

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 रोजी स्थापन झाले. पुढील दशकांत विजेच्या तारा शेतापर्यंत गेल्या आणि मोटेची जागा पंपाने घेतली. 5 अश्वशक्ती म्हणजे 3,730 वॉट. पंपाची मोटर 80 टक्के कार्यक्षम धरल्यास तिला सुमारे 4,660 वॉट पुरवावे लागतात. तीन फेजच्या 415 व्होल्ट दाबाला व 0.8 शक्तिगुणकाला यासाठी सुमारे 8 अँपिअर प्रवाह लागतो. परंतु डीपीपासून दूर, लाइनच्या शेवटच्या टोकाला दाब 330 व्होल्टपर्यंत उतरला, तर तेच काम करण्यासाठी मोटर 10 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. जेम्स ज्यूल यांनी 1841 मध्ये दाखविल्याप्रमाणे उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वाइंडिंगमध्ये दीडपटीहून अधिक उष्णता निर्माण होते. मोटर जळते ती अशी. ऐन हंगामात ती भरून आणण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी येतो. तारेच्या रोधाचे हे मोल कोणत्याही वीजबिलात दिसत नाही.

दुसरीकडे, मीटर नसलेल्या पंपांना अश्वशक्तीनुसार आकारणी झाली. प्रत्यक्ष दाब, प्रवाह व तास यांऐवजी पंपावरील पट्टीवरचा आकडा प्रमाण मानला गेला. पंप दोन तास चालो वा दहा तास, आकारणी तीच! साहजिकच वीज किती वापरली हे जसे अज्ञात राहिले, तसेच पाणी किती उपसले हेही. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत विहीर घेण्यावर 1993 च्या कायद्याने निर्बंध आणले, 2009 चा व्यापक भूजल अधिनियमही पुढे लागू झाला. परंतु दोन्ही कायद्यांचा रोख मुख्यतः विहिरीवर आहे, पंपाच्या मापनावर नाही. 2024 मध्ये राज्याने 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. कापसाच्या अनिश्चित भावावर जगणाऱ्या शेतकऱ्याला हा दिलासा नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण बिलच शून्य झाल्यावर शेतकऱ्याला मीटर पाहण्याचे कारण उरत नाही.

भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर महिन्यांत नोंदविते. उपशाचा आकडा मात्र पंपांच्या गणनेवरून अंदाजानेच काढला जातो.