ट्रंकेतला आवाज



इतिहास म्हटला की आपल्याला बखरी, ताम्रपट आणि सनावळ्या आठवतात. परंतु इतिहासाचे एक साधन आपल्यापैकी अनेकांच्या घरी, माळ्यावर किंवा ट्रंकेत, गोधड्यांखाली पडून असेल. ते म्हणजे जुन्या कॅसेटी. त्यांतला आवाज संगणकात उतरवून घेण्याचे काम मी घरी बसून शिकलो. ते का शिकावे लागले, हे सांगण्यासाठी प्रथम थोडे मागे जाऊ.

१९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले. तबकडीने थोर गवयांचे गळे राखले, हे तिचे उपकारच. परंतु तो व्यवहार एकमार्गी होता. कंपनीने मुद्रण करावे आणि गिऱ्हाइकाने ऐकावे. इकडे युरोपात वेगळी खटपट चालू होती. १८९८ मध्ये डेन्मार्कच्या पौलसेनने पोलादी तारेवर चुंबकाने आवाज धरला. १९२८ मध्ये जर्मनीत फ्लॉयमरने कागदाच्या पट्टीवर लोहकण बसवले. १९६३ मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात खिशात मावणारी कॅसेट मांडली. १९८० च्या दशकात ती आपल्याकडे खेडोपाडी पोचली आणि ऐकणाऱ्याच्या हाती प्रथमच मुद्रणाची कळ आली. सभेत आणि जलशात मंचापाशी टेपरेकॉर्डर ठेवून बसलेली मंडळी मी स्वतः पाहिली आहेत. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि गावोगाव गात फिरले. अशा लोककवीचे खरे पुस्तक म्हणजे त्याचा गळा.

आता माझी चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी विडी कामगार बायांच्या एका सभेत मी टेपरेकॉर्डर लावला होता. एक बाई उभी राहिली. दिवसभर वळलेल्या विड्यांपैकी किती छाटीत जातात आणि त्या छाटीचे पैसे कोण खातो, याचा हिशेब तिने तोंडपाठ मांडला. सभा स्तब्ध झाली होती. कॅसेटीच्या कडेची दोन बारीक पाने मोडली, की तिच्यावर दुसरे काही मुद्रित होत नाही. ती मोडायची मी राहिलो. पुढे घरात कोणीतरी त्याच कॅसेटीवर लग्नाची गाणी भरली. इतिवृत्तात एकच ओळ उरली आहे, ‘छाटीविषयी तक्रार मांडण्यात आली.’ ओळ खरी आहे. बाई मात्र तीत नाही.

तेव्हापासून मी उरलेल्या कॅसेटी काढल्या. काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते, आणि तिच्यावर गंजासारखी लोखंडी भुकटी असते. तिला ओल सोसत नाही. बुरशी धरलेली फीत यंत्रात घालू नये, ती जाणकाराकडे न्यावी. यंत्राचा रबरी पट्टा सैल असेल तर आवाज डगमगतो, म्हणून तो आधी बदलावा. ज्या डोक्यावरून फीत सरकते ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. मग यंत्रातून तार काढून संगणकाच्या ध्वनी घेण्याच्या खाचेत द्यावी. घोषणांच्या वेळी आवाज फाटणार नाही इतकीच पातळी ठेवावी. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठच मिनिटे लागतात. या मजुरीत काटछाट होत नाही. आवाज न दाबता साठवला, तर तासाला सुमारे सहाशे मेगाबाइट जागा लागते. हल्ली ती महाग नाही.

सफाईचा मोह मात्र आवरावा. एका मुद्रणात मध्येच पोर रडते. ते काढून टाकावे असे मलाही वाटले होते. परंतु पोरे काखोटीला मारून बाया सभेला आल्या होत्या, याचा दुसरा पुरावा कोठे आहे? म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी आणि सफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करावी. एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी. नाव, गाव, तारीख लिहावी. ज्याचा आवाज आहे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय तो चारचौघांत वाजवू नये. आणि कॅसेट फेकून देऊ नये.

याहून मोठे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून लिहून घेतल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या कित्येक फितीवर घेतल्या गेल्या. २०१७ पासून त्या संगणकाद्वारे सर्वांना ऐकायला मिळू लागल्या. कागदावर ओवी येते. दळणाऱ्या बाईचा श्वास फितीवरच येतो.

फीत टिकली तरी ती वाजवणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरातल्या संग्रहालयांना हाच इशारा दिला. पुढाऱ्यांची भाषणे राखायला मोठ्या संस्था आहेत. आपल्या आईची ओवी आणि कामगाराचे गाऱ्हाणे राखायला आपल्याखेरीज कोणी नाही. घरी गेल्यावर ट्रंक उघडा. कॅसेट सापडली, तर वाजवण्याआधी तिची ती दोन पाने मोडा. मी केली नाही ती एवढीच गोष्ट.