ऑर्गन (पायपेटी) : पुनर्बांधणी

पायाने भाता चालवून वाजवायचे, पितळी रीडचे सूरवाद्य. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या लहान चर्चसाठी आणि घरांसाठी ते एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मोठ्या संख्येने तयार झाले. एस्टे (व्हरमाँट) व मेसन अँड हॅमलिन (बॉस्टन) हे नावाजलेले कारखाने. मराठी संगीत रंगभूमीने हे वाद्य आपलेसे केले. गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) बालगंधर्वांना हरिभाऊ देशपांडे यांची ऑर्गनची व कादरबक्ष यांची सारंगीची साथ असे. रत्नागिरीत संगीत नाटके अजून होतात, त्यामुळे तेथे जुने ऑर्गन वाजते ठेवण्याला महत्त्व आहे.

रचना : हार्मोनियमचा भाता हवा रीडकडे ढकलतो. अमेरिकी ऑर्गनचा भाता पेटीतली हवा ओढून घेतो आणि बाहेरची हवा रीडमधून आत शिरते. गाण्याला धरून राहणारा मऊ, सलग स्वर त्यातून मिळतो.

भाता : पुनर्बांधणीचा सर्वांत कष्टाचा भाग. रबरी कापड कडक होऊन घड्यांवर चिरते. ते खरवडून काढून नवे कापड सरसाने चिकटवतात. पुढे कधी उघडावे लागले तर सरस उष्णतेने सुटतो व लाकूड फाटत नाही. मग सर्व स्टॉप (रीडच्या संचांकडे हवा सोडणारे खटके) बंद करून हवा ओढतात. मिटलेला भाता जितका सावकाश उघडेल तितके काम पक्के. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, स्प्रिंगा गंजतात. उन्हाळ्यात फळीला बारीक चीर गेली, तर न दाबलेला स्वरही वाजत राहतो. पट्ट्यांखालचे फेल्ट कसर खाते. तेही बदलावे लागते.

रीड : प्रत्येक रीड आकड्याने ओढून, क्रम राखून साफ करतात. टोकाशी घासल्यास स्वर चढतो, बुडाशी घासल्यास उतरतो. जुन्या वाद्यांची पट्टी बहुधा आजच्या ४४० कंपनांशी जुळत नाही. ती बदलावी की नाही याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. तबला व तंबोरे ऑर्गनला जुळवून घेता येतात आणि घासलेले पितळ परत येत नाही. म्हणून मूळ पट्टी राखणे अधिक योग्य.

बाह्यांग : मूळ पॉलिश शक्यतो राखतात.

सुटे भाग : एस्टेचा कारखाना १९६० मध्ये बंद पडला. तेव्हापासून रीड बहुधा मोडीत निघालेल्या ऑर्गनमधूनच मिळतात. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथे संपूर्ण ऑर्गन नव्याने घडवण्याचे काम झाले आहे.