किल्ली कोणाच्या कमरेला?

मंडळी, 'पेज फॉल्ट' या नावावर जाऊ नका. यात बहुतेक वेळा कोणाचीच चूक नसते. स्वयंपाकाच्या ओट्यावर हाताशी लागतील तेवढेच डबे असतात, बाकीचा साठा माळ्यावर. हवा तो डबा ओट्यावर नसला की काम थांबतं, कोणीतरी माळ्यावरून डबा काढून देतं आणि काम पुढे सुरू होतं. संगणकातही प्रोग्रॅमला हवं असलेलं मेमरीचं पान जागेवर नसलं की पेज फॉल्ट होतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल (लष्करातला नव्हे!), ते पान आणून देतो. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नाही.

ही युक्ती आहे इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाची. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीबरोबर बांधलेला 'ॲटलस' संगणक डिसेंबर 1962 मध्ये सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी जेमतेम 16,000 शब्दांची, पण फिरत्या ड्रमवरची सुमारे 96,000 शब्दांची जागा धरून प्रोग्रॅमला दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसत असे. डबा माळ्यावरून आणायचा की नाही, आणि त्यासाठी ओट्यावरचा कुठला वर टाकायचा, हे यंत्राचा देखरेख करणारा प्रोग्रॅम ठरवी. साध्या प्रोग्रॅमला त्याची चिंता करावी लागत नसे. घरच्या कोठीची किल्ली एकाच व्यक्तीच्या कमरेला असावी, तसा हा कारभार.

पण पुढे प्रोग्रॅम मोठे झाले आणि किल्ली मागू लागले. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रिचर्ड रशीद यांच्या 'माक' प्रकल्पाने पानं पुरवण्याचं काम कर्नलच्या बाहेरच्या प्रोग्रॅमकडे द्यायची सोय केली. लिनक्समध्ये तशी स्वतंत्र सोय आली ती नोव्हेंबर 2015 मध्ये, आवृत्ती 4.3 बरोबर. तिचं नाव 'युजरफॉल्टएफडी', आणि कर्ते रेड हॅटचे आंद्रेआ आर्कांजेली. गरजही खरी होती. चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं तर सगळी मेमरी आधी वाहून नेण्यात फार वेळ जातो. त्यापेक्षा मशीन नव्या जागी सुरू करावं आणि पान लागेल तेव्हा जुन्या जागेहून मागवावं. त्यासाठी 'हे पान नाही' ही वर्दी कर्नलने प्रोग्रॅमला द्यायला हवी. युजरफॉल्टएफडी नेमकी तीच वर्दी देतं.

इथेच चोरवाट निघाली. कधीकधी पानाची गरज खुद्द कर्नललाच पडते. प्रोग्रॅमने दिलेली माहिती कर्नल उचलायला जातो, पान जागेवर नसतं, आणि आता पान पुरवणारा तोच प्रोग्रॅम! त्याने हवं तितका वेळ उत्तर दिलं नाही, तर कर्नल अर्ध्या कामात ताटकळत उभा राहतो. कर्नलमध्ये आधीच एखादी बारीक त्रुटी असेल, तर एरवी डोळ्याचं पातं लवण्याआधी बंद होणारी फट चोराला मिनिटभरही उघडी ठेवता येते. तेवढ्यात कर्नलने तपासून ठेवलेली वस्तू मागच्या दाराने बदलता येते. सुरक्षा संशोधकांनी ही युक्ती वारंवार वापरून दाखवली.

मग कुलुपं आली, एकेक करून. 2019 मध्ये आवृत्ती 5.2 ने ही सोय सामान्य प्रोग्रॅमना बंद करण्याची खिटी दिली, पण ती मुळात उघडीच ठेवली. सरसकट बंदीही परवडणारी नव्हती. अँड्रॉइडला वापरून झालेली मेमरी आवरण्यासाठी हीच सोय हवी होती. गूगलच्या लोकेश गिद्रा यांच्या कामातून मधला मार्ग निघाला. फेब्रुवारी 2021 च्या आवृत्ती 5.11 पासून सामान्य प्रोग्रॅमला फक्त स्वतःच्या चालीत झालेले फॉल्ट हाताळता येतात, कर्नलच्या कामात झालेले नाहीत. ज्याला तेही हवेत, त्याला मात्र इतर प्रोग्रॅमच्या आत डोकावण्याचा मोठा अधिकार द्यावा लागे. म्हणजे एका डब्यासाठी घरभराच्या किल्ल्यांचा जुडगा! डिसेंबर 2022 मध्ये आवृत्ती 6.1 ने या एकाच कामासाठी वेगळं दार केलं. आता नेमक्या हाती नेमकी किल्ली देता येते.

आपल्याला यात नवल वाटू नये. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस अशी कामं वाटलेली असत. संपूर्ण गड एकाच्या हाती कधीच नसे. फितुरी झाली तरी नुकसान एका हातापुरतं राहावं, हाच त्यामागचा विचार.

तुम्ही म्हणाल, कर्नलच्या या गोष्टींचा सौदीत आपल्याशी काय संबंध? 2017 साली इथल्याच एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात 'ट्रायटन' हा घातक प्रोग्रॅम सापडला. ट्रायकोनेक्स या सुरक्षा नियंत्रकाच्या फर्मवेअरमधली त्रुटी वापरून त्याने वरचा अधिकार मिळवला आणि मेमरीत ठाण मांडायचा प्रयत्न केला. नियंत्रकावर खरीखुरी किल्ली असते. ती 'रन'ऐवजी 'प्रोग्रॅम' स्थितीत राहिली होती, म्हणून बाहेरून आत लिहिता आलं. सुदैवाने नियंत्रकातले तीन प्रोसेसर एकमेकांचं काम पडताळतात. त्यांचा मेळ बसेना, तेव्हा यंत्रणेने प्रकल्प सुरक्षितपणे बंद केला. स्फोट आणि विषारी वायू रोखणारी हीच ती यंत्रणा. तिथे काम करणाऱ्यांचे जीव पणाला लागले होते. तिथे फॉल्ट झाला आणि तो नीट हाताळला गेला, म्हणूनच घाला उघडकीला आला.

सौदीच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये जाहीर केलेल्या नियमांतही कामापुरताच अधिकार देण्याचं तत्त्व आहे. जुबैल, यान्बू, रियाधमध्ये सर्व्हर आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींना एकच विनंती. सर्व्हरवर युजरफॉल्टएफडीची खिटी कुठे आहे ते एकदा बघा. ती 0 वर असावी. आणि नियंत्रकाची किल्ली 'रन'वर आहे ना, हेही शिफ्ट संपण्याआधी पाहा. गडाचे दरवाजे रोज सूर्यास्ताला बंद होत, ते काही रोज शत्रू येई म्हणून नव्हे!