तळटीप १४ : ‘डी-७ तेवढा नीट आला’

१४. डी-७ : ९६ खळग्यांच्या प्लेटमधील चौथ्या ओळीतला सातवा खळगा. ओळी ८ (ए ते एच), स्तंभ १२. अशा प्लेटची मूळ कल्पना हंगेरीतील ग्युला ताकाची यांची, १९५१ची. त्यांच्या प्लेटला ७२ खळगे होते. लेखिका ज्यावर ही प्लेट पाहते तो कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (मार्विन मिन्स्की यांचा पेटंट अर्ज १९५७चा) बारीक छिद्रातून फक्त नेमक्या पातळीवरचा प्रकाश आत घेतो. त्यामुळे पेशींचे एकेक पातळ छेद न कापताच दिसतात, पण वेळ फार लागतो. लेखिकेने प्लेट रात्रभर यंत्रावर ठेवली ती म्हणूनच. हे चित्रण खालून होते, आणि पुढच्या परिच्छेदातला सगळा त्रागा त्या तळाचाच आहे. ताकदवान भिंगे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी घडवलेली असतात. साध्या प्लेटचा प्लास्टिकचा तळ सुमारे १ मिलिमीटर जाड, म्हणजे ते भिंग पेशींपर्यंत पोहोचतच नाही. पातळ तळाची महाग प्लेट घेतली तरी ती पूर्ण सपाट नसते. छेद जेमतेम मायक्रोमीटरभराचा आणि तळाचा चढउतार त्याच्या कितीतरी पट, म्हणून प्रत्येक खळग्यापाशी फोकस नव्याने शोधावा लागतो. शिवाय कडेच्या ३६ खळग्यांतला द्रव लवकर उडतो. अनेक प्रयोगशाळा तिथे नुसते पाणीच भरतात. डी-७ मधोमध असल्याने बचावला असावा. ‘यंत्राने दगा दिला’ हे लेखिकेचे वाक्य रागातले समजावे.