बेंबांची नाचणी आणि रिचर्ड्‌सबाई

एखाद्या समाजाला आळशी म्हणून मोकळें होणें फार सोपें असतें. आफ्रिकेंत टांगानिका व बांगवेउलू या सरोवरांच्या दरम्यान सुमारें ४००० फूट उंचीचें एक रानाळ पठार आहे. तेथें राहणाऱ्या बेंबा लोकांच्या कपाळीं हा शिक्का गोऱ्या अंमलदारांनीं मारून ठेवला होता. हा मुलूख त्या काळीं उत्तर ऱ्होडेशियांत मोडत असे. १९६४ पासून तो झांबिया या स्वतंत्र राष्ट्राचा भाग आहे. या शिक्क्याची शहानिशा करण्याचें काम ऑड्री रिचर्ड्‌स या विदुषीनें केलें.

रिचर्ड्‌सबाईंचा जन्म १८९९ चा. वडील व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत कायदेमंत्री असल्यामुळें त्यांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें कलकत्त्यास गेलीं. केंब्रिज येथें त्यांनीं सृष्टिविज्ञानाचा अभ्यास केला व मागाहून लंडनमध्यें मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें. त्या वेळीं पंडितांमध्यें कामवासनेच्या मीमांसेला बहर आला होता. बाईंनीं १९३२ च्या आपल्या पहिल्या ग्रंथांत निराळाच मुद्दा मांडला: माणसाला माणसाशीं बांधणाऱ्या प्रेरणांत भूक ही कामवासनेहूनहि मूलभूत आहे. वाद घालायला पुस्तकें पुरतात. बाईंचें तेवढ्यावर समाधान झालें नाहीं. १९३० ते १९३४ या काळांत त्या दोनदां बेंबांच्या मुलखांत गेल्या व त्यांच्या खेड्यांत राहिल्या.

बेंबांचें मुख्य अन्न त्या काळीं नाचणी. आपल्या कोंकणांत व मावळांत पिकणारी तीच ही नाचणी. तिचें मूळ घर पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांत आहे आणि हजारों वर्षांपूर्वीं ती समुद्रापलीकडून आपल्याकडे आली. शेतीची रीतहि आपल्या राबाची आठवण करून देणारी आहे. पुरुष झाडांवर चढून फांद्या छाटतात, बायका त्या वाहून आणून मध्यभागीं रचतात, आणि पावसाच्या तोंडावर तो ढीग पेटवून राखेंत नाचणी पेरतात. या पद्धतीस तिकडे 'चितेमेने' म्हणतात. आपला राब रोपांच्या वाफ्यापुरता असतो. तेथें सगळें शेतच राखेवर उभें राहतें, आणि त्यासाठीं शेताच्या कित्येक पट रान छाटावें लागतें. उंच झाडावर कुऱ्हाड चालविणें हें जोखमीचें काम आहे व तरुणांना त्याचा मोठा अभिमान असे.

नाचणीचें पीठ उकळत्या पाण्यांत ढवळून जो घट्ट गोळा होतो त्याला ते 'उब्वाली' म्हणतात. तो पोटांत गेला नाहीं तर जेवण झालेंच नाहीं! चार-पांच भाजलेलीं मक्याचीं कणसें डोळ्यांदेखत खाऊन झाल्यावर हीच माणसें दिवसभर उपाशी असल्याची हांकाटी करीत, असें बाईंनीं नमूद केलें आहे. परक्याला हें ढोंग वाटेल. पण पोह्यांची बशी संपवून बसलेला आपला पाहुणा "अजून जेवायचा आहे" म्हणतो तेव्हां त्याला आपण खोटारडा म्हणत नाहीं.

बाईंच्या कामाचा खरा कस लागला तो दैनंदिन टिपणांत. आज कोण शेतावर गेलें, कोण रानांत, कोण घरींच बसलें, कोणाच्या चुलीवर किती वेळां शिजलें, याची नोंद त्या गांवांतील माणसागणिक रोजच्या रोज करीत. अन्नाचें मापहि त्यांनीं घेतलें. लंडनच्या पोषणशास्त्रज्ञ एल्सी विडोसन यांच्यासह त्यांनीं या आहाराचा अभ्यास १९३६ सालीं प्रसिद्ध केला. आणि १९३९ मध्यें जमीन, श्रम व आहार यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांतून दिसलें तें असें. नाचणी वर्षांतून साधारण नऊ महिनेच पुरे. नवें पीक येण्यापूर्वींच्या पावसाळी महिन्यांत कोठारें रिकामीं होत, आणि खुरपणी वगैरे कामें असूनहि लोक पडून राहत. आळस म्हणून ज्याची नोंद होई ती उपाशी शरीराची काटकसर होती. पीठ शिल्लक असतांहि चूल न पेटल्याचे दिवस त्यांना आढळले, कारण शेतावरून दमून आलेल्या बाईच्या अंगीं पाणी आणून दळण दळण्याचें त्राण उरलेलें नसे.

येथें मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. मीं घाटाखालच्या शाळेंत बरींच वर्षें शिकविलें. भाद्रपदांत, नवें भात हातीं येण्याआधीं, कांहीं मुलें दुपारच्या तासाला डुलक्या घेत. त्यांच्या प्रगतिपुस्तकांत "आळशी" हा शेरा माझ्याच अक्षरांत आहे. घरची कणगी केव्हां रिकामी झाली हें विचारण्याची बुद्धि मला झाली नाहीं.

बेंबांच्या या अडचणींत सरकारी कराची भर पडली. कर रोख भरावा लागे व रोकड मिळे ती दक्षिणेकडील तांब्याच्या खाणींत. म्हणून तरुण पायीं वाट तुडवीत खाणीकडे निघून जात. धडधाकट पुरुषांपैकीं शेंकडा ४० ते ६० गांवाबाहेर असत. मग झाडावर चढणार कोण? पुरुष गेले म्हणजे चितेमेने मोडेल व भूक वाढेल, असा बाईंचा निष्कर्ष होता.

तो मात्र पुरता खरा ठरला नाहीं. हेन्रिएटा मूर व मेगन व्हॉन या दोन संशोधिकांनीं तोच मुलूख पुन्हां अभ्यासून १९९४ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चितेमेने मोडली नव्हती. बायकांनीं नातलग गोळा करून, नाचणीची दारू गाळून कामकरी बोलावून फांद्या छाटून घेतल्या होत्या, आणि कसाव्याचे कंद लावून उपासाचे महिने निभावले होते. माझ्या मतें रिचर्ड्‌सबाईंची नजर कुऱ्हाडीवर अधिक खिळली. रानांतून भाजी, आळंबीं व सुरवंट गोळा करणाऱ्या हातांचें मोल त्यांनीं टिपलें खरें, पण हिशेबांत कमी धरलें. पुढें बाजारासाठीं संकरित मका पिकूं लागला. घरांत रोख पैसा आला, परंतु बायकांचें शेतांतलें काम वाढलें. आणि संध्याकाळीं परतलेल्या आईला पोरासाठीं चूल पेटविण्यापुरती तरी ताकद उरते कीं नाहीं, हा १९३० सालचा प्रश्न या दोघींनाहि पुन्हां विचारावा लागला.