शेरभर म्हणजे किती?

वाकडच्या आमच्या दोन माणसांच्या घरात अनारशांचा घाट घालायचा, तर आजीच्या वहीतील पाककृती पाव करावी लागते. वहीत मजकूर एवढाच: 'तांदूळ शेरभर, गूळ शेरभर, तूप तळणापुरते.' आम्ही दोन्ही जिन्नस तराजूवर सारखे घेतले, आणि अनारसा कढईत हसला. तुपात पसरून विरण्याला मराठीने 'हसणे' म्हणावे, हेही मासलेवाईकच.

चूक भागाकाराची नव्हती, वाचनाची होती. 'शेर' हा एक शब्द दोन मापांचा आहे. धान्याचा शेर भांड्याचा: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गूळ मात्र तराजूत जाई, आणि तराजूतला शेरही सर्वत्र एक नव्हता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा व त्याचे शेर ४०, म्हणजे शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा. १९३९ च्या कायद्यातला ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. शिवाय माप सपाट भरायचे की शीग लावून, हे वहीत नसते. ते लिहिणारीच्या हाताला ठाऊक असते. आजी तांदूळ शिगेने मोजत असणार. तो वजनात अधिक भरे, म्हणून तिचा गूळ बेताचा ठरे आणि आमचा जास्त झाला.

म्हणूनच कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'तील (१९७०) वाटी आम्हांला पाकशास्त्राच्या इतिहासातील मोठी घटना वाटते. १९५६ च्या कायद्यानंतर ग्रॅम-किलो दुकानांत रुळले होते. तरी बाईंनी वाटी-चमचा निवडला. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले, की वाटी लहान घ्या वा मोठी, प्रमाण ढळत नाही. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीला तराजूही लागत नाही.

'तळणापुरते' हा शब्द मात्र वाटीलाही दाद देत नाही. ते परिमाण नव्हे, अट आहे. आणि ती तांदळावर नव्हे, कढईच्या रुंदीवर अवलंबून असते. कढई तीच ठेवली, तर पावशेर तांदळालाही तूप जवळजवळ पूर्वीइतकेच ओतावे लागते. 'भिजेल इतके', 'चवीपुरते' हे शब्दही याच जातीचे. त्यांना चाराने भागता येत नाही, त्याची गरजही नसते. ज्यांना आपण मोघम म्हणून हसतो तेच शब्द शाबूत राहतात, आणि दगा देतो तो नेमका दिसणारा 'शेरभर'.

आजीच्या वहीच्या समासात आम्ही आता पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'तांदूळ शीग लावून.'